मोटर मारवाडले निघाली तवा

…आन् म्हने मोटरीच्या मांगून बैल चालवा! हसा, हसा तुमी. तुमाले हसाले काय जाते? रस्त्यानं जो तो थांबवून इचारते, "काय जगदेवराव, दिल्ली पाह्यली काय? मारवाडची वाळू कशी होती?" आता बसलेच आहात तं एकदाचं आयका, अन् मंग पुन्हा इचारू नका. तुमाले सांगतो, मोटर घेनं सोपं हाये, मोटर चालवनं त्याहून सोपं हाये, पन घरच्या मानसायले घेऊन मोटरीनं कुठं जाचं हे ठरवनं… अरे बाप्पा! त्यापरीस मानसानं भर उन्हाळ्यात खडकात हीर खोदावी. निदान पानी लागन अशी आशा तरी राह्यते.

याची सुरुवात केली कोनी? मी नाही. आमच्या मायनं केली, गोजराबाईनं. आमच्या गल्लीत लखीराम शेटजीचं दुकान हाये, सारं केनवड गाव त्यायच्याकडून मीठ-मिरची नेते. त्यायची बायको धनीबाई. लहानशी पोर होती तवा लगीन करून मारवाडातून इथं आनली. तिले ना आपली बोली येये, ना जवारीची भाकर. माझ्या मायनं तिले भाकर थापाले शिकवलं, नऊवारी नेसाले शिकवलं, बोलाले तं असं शिकवलं का आता भांडनात आमच्या बाया तिच्यासमोर टिकत नाहीत. मी पाळन्यात होतो तवा मले झोके द्याले ती येये, अन् झोके देता देता सोताच पाळन्याच्या दोरीले डोकं टेकून झोपून जाये. मी रडून रडून तिले उठवो, असं माय सांगते. मले काही आठवत नाही, पन धनीबाई अजूनही लोकायसमोर ते सांगते अन् माझी मोठ्या मानसाची अब्रू घालवते.

तं ही धनीबाई जन्मभर एकच गोठ सांगत आली. तिच्या माहेरची. वाळूचे म्हने डोंगर असतात, आज इथं तं उद्या तिथं. राजाचा रमना हाये, भल्लं मोठं कुंपनाचं रान, त्यात काळवीट अन् मोर मोकळे फिरतात अन् मानसाच्या हातचे दाने खातात. माय आयके अन् इचारे, "मंग जात काहून नाहीस व एकदा?" तं ती म्हने, "जाईन ना मावशी, जाईन," अन् सुपातले दाने अजून जोरानं पाखडे. लग्नानंतर एकदाही गेली नाही. मायबाप मांगंच वारले, भाऊ कोनी कलकत्त्याले गेले, कोनी कुठं गेले. आमची माय काही लिहिली-वाचलेली नाही, पन तिनं आसरामाय देवीच्या ठान्यावर हात ठेवून सांगतलं, "धनीले तिचं माहेर दाखवल्याबिगर मी काही वर जात नाही." मले वाटलं, चला, बुढी शंभर वर्सं जगते आता.

मंग मले काय अवदसा आठवली तं मोटर घेतली! कापसाचं साल बरं गेलं होतं, अकोल्याच्या एका वकिलाची जुनी मोटर भेटली. वरून कापडी छत, बाजूले पितळी भोंगा, समोरून हँडल फिरवाचं. रतनसिंग नावाचा डायवर ठेवला, तो मोटरीले बायकोपरीस जास्त पुसे. मी म्हनलं, वाशिमले जाऊ, रिसोडले जाऊ, चार लोकायत भोंगा वाजवू. मोटर दारात आली, मायनं तिच्या दोन्ही दिव्यायले कुकू लावलं, नारळ फोडला, अन् नारळाचं पानी जमिनीत मुरलं नाही तं मले म्हनते, "जगदेव, आता चाल मारवाडले."

झालं! त्या दिवसापासून आमच्या घरी एकच धंदा, मारवाड. अन् मोटर? मोटर गोठ्यात.

आता मारवाडले जाचं तं रस्ता पाह्यजे. रस्ता कोनाले ठाऊक? आमच्या उकंडराव काकाले. काका म्हंजे माझे चुलते, आयुष्यात अकोल्याच्या पलीकडं गेले नाहीत, पन बोलतात असे का जनू दिल्लीच्या बादशाहीत कोतवाल होते. त्यायनं ओसरी सारवून घेतली अन् तिच्यावर जवारीच्या दान्यायचा रस्ता मांडला. हे केनवड, इथं सुपारी. मंग मालेगाव, पातूर, घाट, अकोला. अकोल्याच्या पुढं काकायनं दाने असे सरळ सोडले, जनू वावरातलं तास. म्हनलं, काका, मधात नद्या असतीन, डोंगर असतीन. तं म्हनतात, "त्याचं मंग पाहू." इंदूरले हरभऱ्याचा दाना, अजमेरले बोर, मारवाडले वाटीभर रवा ओतला. वाळू ना! आमची घरची लागली कोकलाले, "माह्या शिऱ्याचा रवा व माय!"

बरं, मारवाड झालं का परत या. नाही! काका म्हने, इतक्या दूर गेलोच तं दिल्ली काहून सोडता? लाल किल्ला पाह्यल्याबिगर मानसाचा जन्म वाया. त्यायनं दिल्लीवर गुळाचा खडा ठेवला. आमची घरची आतापावेतो रव्यालेच रडत होती, ती सैपाकघरातून म्हनते, जयपूरले म्हने लाखेच्या बांगड्या चांगल्या भेटतात. जयपूरले तुरीची दाळ. मंग आग्रा कसा सोडता? मंग मथुरा तं आग्र्याच्या बाजूलेच हाये, पाप लागन ना. मी तिथंच बसलो, कपाळाले हात लावून, अन् आमची कोंबडी आली, अन् सरळ जयपुरात शिरली. दोन टोच्यात जयपूर सपाट. मी मनातल्या मनात म्हनलं, शाबास, एक मुक्काम तं कमी झाला. पन काकायनं तिले हाकललं अन् नव्यानं दाळ मांडली. दिल्लीले मुंग्या लागल्या ते वेगळंच. असं महिनोन् महिने चाललं. अन् मोटर? मोटर गोठ्यात. मांगच्या गादीवर तीच कोंबडी अंडे द्याले लागली.

मंग निघालं सामान. तुमी कधी बायायले परगावी जाचं सामान काढताना पाह्यलं काय? माय म्हने, वाळूच्या मुलखात पानी नाही, रांजन घ्या. रांजन! मोटरीत! म्हनलं, माय, रांजन ठेवला तं मानसं कुठं ठेवाचे? तं म्हनते, "मानसं सरकतात, रांजन सरकत नाही." आमच्या घरचीनं कुरड्या घेतल्या, पापड घेतले, लोनच्याची बरनी घेतली, अन् पाटा-वरवंटा. कायले? तं म्हने, परमुलखात चटनी वाटाले कोनाच्या दारी जाचं? मी म्हनलं, तिथले लोक काय बिनचटनीचे मरतात काय? तं तिनं माझ्याकडं असं पाह्यलं का मी पाटा उचलून सोताच मोटरीत ठेवला.

अन् काकायनं कळस केला. एक दिवस सकाळी म्हनतात, "मोटर रस्त्यात बंद पडली तं?" रतनसिंग म्हने, नाही पडत. "पन पडली तं?" पडली तं नीट करू. "पन नीट नाही झाली तं?" मंग काका गालात हसले अन् म्हने, आपली खिल्लारी जोडी मोटरीच्या मांगून चालवू. मोटर अडली का बैल जुतले, का चालले पुढं. आता तुमीच सांगा! दिल्लीपावेतो बैल! म्हंजे मोटरनं बैलाच्या चालीनं चालाचं, म्हंजे बैलायची वैरन मोटरीत घ्याची, म्हंजे रांजन काढाचा, रांजन काढला का माय रुसाची. रतनसिंग बिचारा हात जोडून म्हने, "काकाजी, बैलाच्या चालीनं मोटर चालवली तं पातूरच्या घाटात इंजनचा काढा होते." काका म्हने, "मंग घाट आला का बैल पुढं, मोटर मांगं." रतनसिंग गोठ्यात गेला अन् मोटरीच्या बाजूले जाऊन बसला. त्याले तिथं बरं वाटे.

अन् ह्या साऱ्या गोंधळात धनीबाई काय करे? ती रोज येये. ओसरीच्या कोपऱ्यात बसे, त्या रव्याच्या ढिगाकडं पाहे. कधी बोट लावून रवा जरासा इकडचा तिकडं सरकवे, डोंगराले डोंगर करे. मायनं इचारलं का, धनी, तुले काय काय घ्याचं? तं म्हने, "मले काय लागते मावशी, मी तं माहेरी जाऊन राह्यली." अन् हसे. मी म्हनलं, ही एक बाई शहानी. सामान नाही, हट्ट नाही. कायचं काय! साऱ्यात मोठं सामान तिच्याच मनात होतं, पन आमाले कुठं ठाऊक?

तुमी म्हनसान, जगदेव, तू घरचा कर्ता, एकदा डोये वटाराचे ना. वटारले! रांजन उतरवला, पाटा राहू देला, बैल गावाच्या शिवेपावेतोच येतीन असं काकाले कबूल करवलं, कोंबडीले हाकललं. अकोल्याहून पेट्रोलचे डबे आनले. लखीराम शेटजीकडं सोता जाऊन बसलो. हा मानूस असा का दुकानात माशी गुळावर बसली तं तिचे पाय झटकून मंग उडू देते. पन तोही म्हने, "ले जाओ भाई, मेरी ना नहीं." जोशीबुवानं मुहूर्त देला, गुरुवार सकाळ. अन् मोटर? मोटर निघाली हो गोठ्याबाहीर! रतनसिंगनं हँडल मारलं, भोंगा वाजवला, गावातले कुत्रे, पोट्टे, बुढे सारे मांगं. माय सामोरच्या गादीवर, काका अन् आमची घरची मांगं, बैल मोटरीच्या मांगं, त्यायच्या गळ्यात घुंगरं, शिंगायले हिंगूळ.

मानाची पाहुनी धनीबाई, म्हनून पयले मोटर तिच्या दारी नेली. उभी केली. भोंगा वाजवला. धनीबाई नाही. पुन्हा वाजवला. नाही. दारातून दिसून राह्यली ना, चांगली हिरवं लुगडं नेसलेली, डोक्यावर तेल, हातात गाठोडं, उंबऱ्याच्या आत पाटावर बसलेली. पन उठत नाही! लखीराम शेटजी दुकानातून बाहीर आले, म्हने, मैंने तो इजाजत दी, आता हे कायचं नाटक? लोक कुजबुज कराले लागले. काका म्हने, मुहूर्त चालला. रतनसिंग म्हने, पेट्रोल चाललं. मी म्हनलं, माझं डोस्कं चाललं.

मंग माय उतरली, आत गेली. मी दाराशी उभा होतो म्हनून मले आयकू आलं. माय म्हनते, "धनी, उठ ना व. काय झालं?"

धनीबाई खाली पाहूनच म्हनली, "मावशी, मले मूळ कोन आलं?"

मी वळून मोटरीतल्यायले तिचं बोलनं सांगतलं. अहो, आपल्या इकडं सासुरवाशीन माहेरी जाते तं अशी उठून जाते काय? माहेरचं मानूस याले लागते तिले आनाले. भाऊ येते, त्याचे पाय धुतले जातात, तो सासरच्यायले म्हनते का आमची बहीन धाडा, मंग लेक निघते. याले म्हनतात मूळ. कोनी आनाले नाही आलं अन् लेक गेली, तं लोक म्हनतीन, पळून आली का टाकून देली? हे आपल्याकडच्या शेंबड्या पोरीले ठाऊक हाये. अन् आमी? आमी दिल्लीले गूळ मांडला, मारवाडले रवा मांडला, बैलायले हिंगूळ लावला, पन ह्या बाईले न्याले तिच्या माहेरचं कोनी येनार हाये काय, हे एकाच्याही ध्यानात आलं नाही! माझी माय, जिनं सोताच्या लेकीयले दर आखाजीच्या सनाले मूळ धाडलं, तिनं तिथंच कपाळ बडवलं. तवा कळलं का धनीबाई जन्मभर "जाईन ना, जाईन" काहून म्हनत होती. तिच्या दारी मूळ आलंच नाही हो कधी. मायबाप गेले, भाऊ पांगले, अन् ही बाई दर सनाले दारातून रस्त्याकडं पाहे अन् वरतून आमाले काळविटायच्या गोठी सांगे. मले त्या वख्ती सोताचा असा राग आला का काय सांगू.

पन आमचे काका! काका ते काका. मोटरीतूनच म्हनतात, मंग त्यात काय हाये? आपन मारवाडले जाऊ, तिच्या भावकीतला एखांदा मानूस धरून आनू, तो तिले मूळ येईन, मंग तिले घेऊन पुन्हा मारवाडले जाऊ. म्हंजे दोनदा मारवाड! जाताना एकदा दिल्ली, येताना एकदा दिल्ली. रतनसिंगनं हँडल काढून मांडीवर ठेवलं अन् डोये मिटले.

तं माय बाहीर आली. माझ्याकडं पाह्यलं. म्हने, "जगदेव, पागोटं नीट बांध."

काहून, असं इचाराची माझी हिंमत झाली नाही. पागोटं बांधलं. मायनं माझ्या हाती नारळ देला, खांद्यावर शेला टाकला, अन् म्हनते, गल्लीच्या टोकाले जा अन् तिथून आल्यासारखा ये. मी गेलो. साऱ्या गावासमोर! टोकाले जाऊन मांगं फिरलो अन् चालत आलो, जनू आताच मारवाडातून उतरलो. लोक हसतीन असं वाटलं होतं, पन कोनी हसलं नाही. दारात उभा राह्यलो. अन् धनीबाई उठली. तांब्याभर पानी घेऊन आली, माझ्या पायावर टाकलं, अन् पाय पुसता पुसता माझ्याकडं न पाह्यताच म्हनते, "लय वाट पाहाले लावली रे भाऊ."

आता काय सांगू? मले रडू आलं. घरी नाही, वावरात नाही, भर गल्लीत, पागोटं बांधून! नारळ हातातून पडता पडता वाचला. लखीराम शेटजीसमोर बसलो, म्हनलं, दाजी, आमच्या बहिनीले माहेरी धाडा. तो मानूस, गुळावरची माशी झटकनारा, त्यानं मान हालवली, अन् आत जाऊन दुकानातलं कोरं उपरनं आनून माझ्या मांडीवर ठेवलं. फुकट! गावानं डोयानं पाह्यलं म्हनून, नाही तं कोनी खरं मानलं नसतं.

धनीबाई मोटरीत बसली, मायच्या बाजूले. रतनसिंगनं हँडल मारलं, इंजन धडधडलं, त्यानं मांगं वळून इचारलं, मंग घेऊ अकोल्याच्या रस्त्याले? तं धनीबाई म्हनते, "अकोल्याले कायले? मूळ ज्या घरचं आलं, लेक त्याच घरी जाते ना."

बोला! आता हिच्या तोंडाले कोन लागन? अन् खोटं कुठं होतं त्यात? मूळ मी आलो, मी आमच्या घरचा. म्हंजे तिचं माहेर कोनतं? मोटर निघाली अन् लखीरामचं दार सोडून तीन घरं गेली अन् आमच्या दारी थांबली. झाला प्रवास. मांगून बैल आले, घुंगरं वाजवत, कारन शीव लागली नाही तं त्यायले वापस कसं धाडाचं हे काकाले समजेना. घरच्यायनं भाकरतुकडा ओवाळून टाकला, मायनं हात धरून आत घेतलं, अन् धनीबाई चुलीपाशी जाऊन अशी बसली, का जनू कालच ह्या घरातून लगीन होऊन गेली होती. तोच मारवाडचा रवा तिनं ओसरीवरून गोळा केला अन् त्याचा शिरा केला. मुंग्या काढून, बरं का.

मंग मारवाड? मी इचारलं ना. आठ-चार दिवस झाले, म्हनलं, बाई, आता तं निघू, रमना पाहू, काळवीट पाहू. तं म्हनते, "माहेरी आली आहो भाऊ, जरा बसू तं दे. हिंडाले काय, कधीही जाता येते." अन् लखीराम शेटजी आता आमचा जावई झाला ना! रोज सांजच्यापारी जेवाले येते. पाटावर बसते. वरनावर तूप कमी पडलं का चूप होऊन भिंतीकडं पाह्यते, मंग माय मले डोये दाखवते, मंग मी तुपाची वाटी घेऊन जावयाची समजूत काढतो. अन् ते तूप मी त्यायच्याच दुकानातून आनलेलं असते.

बरं, पाठवनी झाली, मन भरून रडून झालं, तीन घरं पलीकडं सासरी गेली. म्हनलं सुटलो. सुटतो कुठं? मंग आली पंचमी, मंग दिवाळी, मंग आखाजी. दर सनाले मूळ पाह्यजे. अन् पायी येत नाही! म्हनते, पयल्यांदा मोटरीनं नेली, आता पायी गेली तं लोक म्हनतीन, माहेर गरीब झालं. काका मोटरीत बसूनच राह्यतात, त्यायले अजूनही वाटते का दिल्ली येऊन राह्यली. तुमी इचारता, दिल्ली पाह्यली काय. मी लखीरामचं दार पाह्यलं बाप्पा, अन् आमचं दार पाह्यलं.

हे पाहा, पागोटं बांधून उभा आहो तुमच्यासमोर. आज आखाजी हाये. गेल्या दिवाळीले असाच गोठी करत बसलो अन् मूळ न्याले दुपार झाली. मी कान धरून तिच्या दारी उभा, तिनं पायावर पानी घातलं अन् साऱ्या गल्लीले आयकू जाईन असं म्हनली, "जाऊ दे भाऊ, उशीर तं होनारच. लय दूर हाये ना माहेर माझं."